मेंढ्याचा वाटा

हानुस : म्हणजे मी खोटं बोलतोय, असं तुझं म्हणणं?

गुन्वा : मी एवढंच म्हणाले हानुसकाका, की दोन वर्षांत तुमची एकही गोळी उरलेली नाही.

हानुस : उरायला कशाला हवी? डॉक्टर म्हणाले रोज चार. सकाळी दोन, रात्री दोन. खोकं संपतं, मी येतो, तू नवं देतेस. औषधांचं दुकान आणखी कसं चालतं?

गुन्वा : असं चालत नाही. आतड्याच्या या दुखण्याची या बेटावर माझ्याकडे एकतीस माणसं आहेत. प्रत्येकाच्या उरतात. कोणी बोटीवर विसरतं, कोणी लग्नात विसरतं. कोणाला बरं वाटायला लागलं, की महिनाभर खोक्याला हात लावत नाही आणि मग रक्त दिसलं की पळत येतं. तुम्ही एकटेच अठ्ठाविसाव्या दिवशी दारात हजर.

हानुस : मी वक्तशीर माणूस आहे.

गुन्वा : स्वतःच्या लग्नाला तुम्ही एक दिवस उशिरा पोचलात. सिग्गाकाकू अजून सांगतात.

हानुस : धुकं होतं! तुला काय ठाऊक, तू जन्मलीही नव्हतीस. वल्हं मारावं तर ते धुक्यात रुतून बसायचं, दोन्ही हातांनी उपटावं लागायचं. दमलो तेव्हा टोपी काढून धुक्यालाच अडकवली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडासकट परतताना तिथेच लटकत होती.

गुन्वा : बसा. दार लावते.

हानुस : दार कशाला? असल्या खोलीत मला आयुष्यात एकदाच बसवलंय, फौजदाराने. एका मेंढीच्या कानावरची खूण बदलली म्हणून.

गुन्वा : बदलली होतीत?

हानुस : मेंढीनेच बदलली. वयात आली होती.

गुन्वा : या खोलीतलं बोलणं काउंटरवर जात नाही, म्हणून दार. राजधानीहून, तोर्सहावनच्या इस्पितळातून फोन होता. तुम्ही ती शौचाच्या तपासणीची डबी पोस्टाने पाठवलीत ना, तिचा निकाल आलाय.

हानुस : ती डबी! पोस्टात मारिन होती, शेजारच्या एल्स्पाची बहीण. ‘काय पाठवतोस रे एवढ्याशा डबीतून?’ म्हटलं, मुरंबा. म्हणाली, ‘मला पण ठेव एक.’

गुन्वा : सुजेचा आकडा दोनशेच्या आत असायला हवा. तुमचा अठराशे आहे.

हानुस : मी कशातच कमी पडलेलो नाही.

गुन्वा : याचा अर्थ आतडं पुन्हा पेटलंय. डॉक्टरांसमोर माझा कागद आहे, त्यावर तुम्ही दर महिन्याला वेळेवर खोकं नेलेलं दिसतं. त्यांनी सरळ हिशेब केला : रोज चार गोळ्या खाऊनही हे हाल, म्हणजे गोळ्या हरल्या. आता पंधरा दिवसांनी तुम्हाला शिरेतून द्यायचं औषध सुरू करायचं. दर आठ आठवड्यांनी बोट पकडून तोर्सहावन.

हानुस : वाईट असतं का ते?

गुन्वा : चांगलं असतं. ज्याला लागतं त्याला ते माणसात आणतं. गोळ्या खरोखरच हरल्या असतील तर मी स्वतः तुम्हाला बोटीवर बसवीन. पण त्याने अंगाची झुंजायची ताकद थोडी उतरते, ते उगाच कोणी घेत नाही. आणि गोळ्या पोटात गेल्याच नसतील, तर त्या बिचाऱ्या हरल्या कशा? पाच वाजता डॉक्टरांना मला उलट फोन करायचाय. तोवर मला खरं काय ते हवं.

हानुस : तू दुकानदार की पाद्री?

गुन्वा : पाद्र्याला नुसतं ऐकायचं असतं. मला मोजावंही लागतं. दिवसातून किती वेळा जावं लागतं?

हानुस : कोण मोजतं?

गुन्वा : या दुखण्यात सगळे मोजतात.

हानुस : आठ. काल नऊ. सिग्गाला सहा सांगतो.

गुन्वा : रक्त?

हानुस : आहे.

गुन्वा : आणि शनिवारी जत्रेचा नाच आहे.

हानुस : तेच तर. दोनशे दहा कडव्यांचं गाणं, आणि म्होरक्या मी. रिंगणात माझा एक हात याच्या हातात, दुसरा त्याच्या. म्होरक्याने हात सोडला की गाणं तिथल्या तिथे मरतं. दोनशे दहा कडवी म्हणजे सव्वा तास. सध्या मला सव्वा तास कशाचाच भरवसा नाही, गुन्वा.

गुन्वा : म्हणून विचारते. गोळ्या कुठे जातात?

हानुस : ऐकायचंय? वाऱ्याने नेल्या. होडीत डबा उघडला, खाडीच्या तोंडाशी, आणि असा झोत आला, की सगळ्या हवेत. एका पाणकावळ्याने वरच्या वर झेलल्या. त्या पक्ष्याचं पोट आता अख्ख्या उत्तर समुद्रात पहिल्या नंबरचं आहे.

गुन्वा : ते एकदाचं झालं. मी दोन वर्षांचं विचारतेय.

हानुस : तो रोज यायला लागला. चटक लागली.

गुन्वा : काका.

हानुस : बरं. मेंढा खातो.

गुन्वा : कुठला मेंढा?

हानुस : आहे एक. सकाळच्या दोन मी खातो, रात्रीच्या दोन तो खातो.

गुन्वा : तुमच्या हातून?

हानुस : छे, हातातलं घेईल तो? फार ताठ जनावर. मांस वाळवायची फळ्यांची खोली आहे ना माझी, कुंपणाला लागून? ती दोन घरांत सामाईक आहे, वारसाने. तिथे तुळईवर एक पत्र्याची डबी असते. मी रविवारी भरतो. पुढच्या रविवारी रिकामी असते.

गुन्वा : मेंढा डबी उघडतो.

हानुस : आणि झाकण परत लावतो. घरंदाज आहे.

गुन्वा : वय काय मेंढ्याचं?

हानुस : चौसष्ट.

गुन्वा : बरंच जगला.

हानुस : राखलाय चांगला. म्हणजे राखला होता.

गुन्वा : त्याला किती वेळा जावं लागतं?

हानुस : आमचं बोलणं नाही. नऊ वर्षं नाही, त्याच त्या मेंढीच्या कानावरून. पण माझी खिडकी त्याच्या अंगणावर आहे. रात्री त्याच्याकडे संडासाच्या बारीक खिडकीत दिवा लागतो आणि विझतो, लागतो आणि विझतो. पाच वेळा, सहा वेळा. मीही जागाच असतो ना, माझ्या बारीक खिडकीत.

गुन्वा : मुळात कळलं कसं तुम्हाला?

हानुस : दोन वर्षांमागे शरदात सगळे डोंगरावर होतो, मेंढरं खाली हाकायला. चाळीस माणसं ओळीत. हा एकदम ओळ सोडून मोठ्या धोंड्यामागे पळाला. लोकांना वाटलं, मेंढी निसटली. त्या पळण्याची एक तऱ्हा असते, गुन्वा. गुडघे जवळ, चेहरा अगदी सज्जन. मी चार वर्षं तसाच पळत होतो, मला ओळखायला वेळ लागतो होय?

गुन्वा : वजन उतरलंय का त्याचं?

हानुस : अकरा किलो तरी असेल. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत.

गुन्वा : मेंढ्याने. पट्ट्याला.

हानुस : हल्लीचे मेंढे.

गुन्वा : डॉक्टरांनी बघितलंय का त्याला कधी?

हानुस : एकदा तोर्सहावनला गेला होता त्या शरदानंतर. इंजिनाचा सुटा भाग आणायला जातो म्हणून सांगून गेला. भाग आणला नाही. त्या अर्थी डॉक्टरकडे गेला असणार.

गुन्वा : मग डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली असेल, आणि ती कुठल्याही दुकानाच्या संगणकात दिसत असेल. माझ्याही.

हानुस : बघ ना मग.

गुन्वा : बघणार नाही. तुम्ही नाव सांगू नका आणि मी बघत नाही. मला एवढंच सांगा, तो स्वतः का येत नाही?

हानुस : इथे? तुझ्या काउंटरवर? बाहेर बसथांबा, समोर किराण्याचं दुकान, पिशवी हातात घेऊन बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत बेटाच्या दुसऱ्या टोकाला माहीत. आणि त्याचं दुसऱ्यासारखं नाही. त्याच्या बापावर गाणं आहे.

गुन्वा : मेंढ्याच्या बापावर.

हानुस : टवाळीचं गाणं. चाळीस कडवी. म्हाताऱ्याला हेच दुखणं होतं, तेव्हा त्याला नाव नव्हतं. तो सारखा कुंपणामागे पळायचा, त्याच्यावर रचलं. रचणाऱ्याने झकास रचलंय, ते मान्य करायलाच हवं. आणि आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. ज्याच्यावर रचलं, त्याला दोन दांडगे दोन बाजूंनी धरतात आणि गाणं संपेतो नाचवतात. म्हातारा नाचला. तेविसाव्या कडव्याला त्याला जायचं होतं. कोणी सोडलं नाही.

गुन्वा : कोणी रचलं होतं?

हानुस : माझ्या बापाने.

गुन्वा : आणि धरलं कोणी होतं?

हानुस : डावीकडून मी. एकोणीस वर्षांचा होतो. मग बाप गेला आणि गाणं माझ्याकडे आलं. दर जत्रेला म्हटलं, लोक मागायचे. मला स्वतःला झालं त्या वर्षी घसा बसल्याचं सांगितलं. तेव्हापासून दर जत्रेला त्या गाण्यापुरता माझा घसा बसतो.

गुन्वा : ते गाणं मलाही येतं, काका. शाळेच्या सहलीत आम्ही ते म्हणायचो.

हानुस : मग तुला कळलं, कोण ते.

गुन्वा : मला काहीही कळलेलं नाही. माझ्यासमोर एका मेंढ्याची गोष्ट चाललेली आहे.

हानुस : आपल्याकडे मेंढी कापली की वाटे घालतात. भांडण असलं तरी वाटा चुकत नाही, डोकं एकाला, तर पाय दुसऱ्याला. माझ्याकडे गोळ्या होत्या. मी वाटा घातला. एवढंच.

गुन्वा : मेंढीचा वाटा निम्मा झाला तर दोघांची पोटं निम्मी भरतात. याचं तसं नाही. समुद्राखालून निम्मा बोगदा खणला तर पलीकडे कोणीच निघत नाही, ना तुम्ही ना तो. तुमचा अठराशे आकडा त्या निम्म्यातून आलाय. त्याचा किती असेल, मला विचारही करवत नाही.

हानुस : ओरड. ओरडून घे.

गुन्वा : ओरडून काय मिळणार? डॉक्टरांना सांगते : पेशंट दोन वर्षं निम्मी मात्रा घेत होता. बाकीची कारणं घरगुती. शिरेतलं औषध थांबवा, पूर्ण मात्रेवर परत तपासा. ते काय म्हणतील ते म्हणतील, पण निदान खऱ्यावर म्हणतील. आणि सकाळी दोन, रात्री दोन ही भानगड बंद करायची का, तेही विचारते. या गोळ्या चारही एकदम चालतात पुष्कळांना.

हानुस : चारही सकाळी?

गुन्वा : सकाळी तुम्ही न चुकता काय करता?

हानुस : कॉफी. आणि कॉफीआधी खिडकीतून बोटी मोजतो, कोणाची बाहेर गेली, कोणाची नाही.

गुन्वा : मग गोळ्या कॉफीच्या किटलीशेजारी. बोटी मोजून झाल्या की चार गोळ्या, मग कॉफी. चघळायच्या नाहीत, फोडायच्या नाहीत. वरचं कवच थेट मोठ्या आतड्यापर्यंत शाबूत जायला हवं, औषध तिथे सुटतं. सबंध गोळी तशीच बाहेर पडलेली दिसली तर मला सांगायचं, लाजायचं नाही. आणि शनिवारचा भरवसा मी देत नाही. इतक्या दिवसांत आग विझत नाही.

हानुस : गेल्या खेपेच्या त्या पांढऱ्या बारक्या गोळ्या आहेत माझ्याकडे, जोरवाल्या. सात-आठ उरल्यात. शुक्रवारी सगळ्या एकदम...

गुन्वा : त्या इकडे आणून द्यायच्या. आज. स्वतःच्या मनाने त्या घ्यायच्याही नसतात आणि सोडायच्याही नसतात. लागल्या तर डॉक्टर देतील, चढत्या-उतरत्या मापाने.

हानुस : तुझी आजी अशीच होती. तिच्याकडून मीठ उसनं आणलं तरी पावती मागायची.

गुन्वा : आणि मेंढ्याचं. अकरा किलो आणि रात्रीतून सहा चकरा, हे गोळ्यांच्या वाट्याने भागणारं नाही. त्याला डॉक्टर हवा, याच आठवड्यात. त्याला कळवा : दुकान साडेपाचला बंद होतं. सहाला मी इथेच असते. मागचं दार मच्छीच्या गोदामाकडे उघडतं, तिथे कुत्रंसुद्धा नसतं. आधी फोन केला तरी चालेल. किंवा साध्या खोक्यातून पोस्टाने पाठवते.

हानुस : पोस्टात मारिन आहे.

गुन्वा : पोस्ट नको.

हानुस : आणि कळवू कसं? नऊ वर्षं बोललो नाही म्हटलं ना.

गुन्वा : डबीत चिठ्ठी ठेवा.

हानुस : काय लिहू? ‘प्रिय मेंढ्या’?

गुन्वा : थांबा, घंटा वाजली. कोणीतरी आलं. तुम्ही इथेच बसा.

(गुन्वा काउंटरवर येते. आतल्या खोलीचं दार अर्धवट लागलेलं राहतं.)

एल्स्पा : दुकानात कोणी नाही ना? बरं झालं. मला गुडघ्याच्या गोळ्या दे, त्या लाल खोक्यातल्या, जोरदार. दोन खोकी.

गुन्वा : तुम्हाला हव्यात का, एल्स्पाकाकू?

एल्स्पा : मला कशाला? माझे गुडघे विशीतले आहेत. साकारिसला. गुडघा धरलाय म्हणतो, शनिवारी नाचाला येत नाही म्हणतो. बाई गं, दीडशे कडव्यांच्या पुढे ते गाणं त्याच्याशिवाय येतं कोणाला? तो हानुस दीडशेनंतर मनाचंच रचतो. मागे एकदा राजकन्येचं लग्न दोनदा लावलं त्याने, दोन वेगळ्या माणसांशी.

गुन्वा : साकारिसकाकांना पोटाचा काही त्रास? मी या गोळ्यांसाठी सगळ्यांनाच विचारते.

एल्स्पा : पोटाचा? त्याचं पोट लोखंडाचं आहे. म्हणजे... तो माझ्यासमोर जेवत नाही आता, मला काय कळणार?

गुन्वा : जेवत नाहीत?

एल्स्पा : ‘तू जेव, मी मागून जेवतो.’ दोन वर्षं हेच. इकडे ये जरा, मोठ्याने बोलवत नाही. मी हे मारिनलाही सांगितलेलं नाही, आणि मारिनला मी काय सांगत नाही? त्याची बाई आहे कुठेतरी.

गुन्वा : काकू...

एल्स्पा : ऐक तर. रात्री उठतो. एकदा नाही, चारदा, पाचदा. मी झोपेचं सोंग घेते. मधूनच अंगणातून त्या वाळवणाच्या खोलीत जातो, तुळईवरून काहीतरी काढतो. चिठ्ठ्या असणार. बारीक झालाय, पट्ट्याला भोकं पाडतोय. चौसष्टाव्या वर्षी पुरुष कशासाठी बारीक होतो, सांग? आणि कपडे! स्वतःचे कपडे स्वतः धुतो. चाळीस वर्षांत ज्याने मोजा उचलला नाही, तो पहाटे चार वाजता मशीन लावतो. कोणाचा वास धुतोय?

गुन्वा : तुम्ही त्यांना विचारलंत का कधी?

एल्स्पा : काय विचारू? तो हो म्हणाला तर? बहिणीकडे जायचं ठरवलंय मी. जत्रा झाली की. सामानही बांधलंय थोडं. तू गोळ्या दे.

गुन्वा : लाल खोक्यातल्या आज देत नाही. ज्यांचं वजन उतरतंय त्यांना मी विचारपूस केल्याशिवाय त्या देत नाही, पोटाला लागतात त्या. या साध्या घेऊन जा. आणि त्यांना म्हणावं, मला फोन करा.

एल्स्पा : मी कशी म्हणू? आमचं बोलणं ‘मीठ दे’ एवढ्यावर आलंय.

हानुस : एल्स्पा.

एल्स्पा : अगं बाई! हा इथे? किती वेळ ऐकत होतास रे?

हानुस : माझा पोवाडा निघाला तिथपासून. राजकन्येची दोन लग्नं मला आठवत नाहीत.

गुन्वा : हानुसकाका, मागचं दार उघडं आहे.

हानुस : असू दे. मी पुढच्याने जाणारा माणूस. एल्स्पा, मला आतड्याचं दुखणं आहे. मोठं आतडं आतून सोलवटतं, रक्त पडतं. सहा वर्षं झाली. दिवसातून आठ वेळा पळतो. काल नऊ.

एल्स्पा : हो का. आणि गेल्या वर्षी देवमासा तुझ्याशी डॅनिशमध्ये बोलला.

हानुस : तो बोललाच. उच्चार वाईट होते. पण हे त्याहून खरं आहे.

एल्स्पा : गुन्वा, काय सांगतोय हा?

गुन्वा : मी कोणाचंच कोणाला सांगत नाही, काकू. तुमचंही नाही.

हानुस : तिला विचारू नकोस, हे खोकं वाच. चष्मा लाव. नाव कोणाचं आहे?

एल्स्पा : तुझं आहे.

हानुस : खाली काय लिहिलंय, कशासाठी? मोठ्याने वाच, मला चालेल.

एल्स्पा : ...मोठ्या आतड्याच्या सुजेसाठी. अरे देवा. हानुस?

हानुस : तुला गंमत सांगू? मीही सिग्गासमोर जेवायचं सोडलं होतं सुरुवातीला. कारण घास खाली उतरला की तो पाठीमागून ढकलतो, ताटावरून उठून पळावं लागतं. बायकोच्या हातचं सोडून पळायचं म्हणजे तिला काय वाटेल? त्यापेक्षा एकट्याने जेवलेलं बरं. बारीक मीही झालो होतो, पट्ट्याला भोकं मीही पाडली. कपडे मीही चोरून धुवायचो. कधीकधी वेळेत पोचत नाही गं माणूस.

एल्स्पा : पहाटे चार वाजता.

हानुस : आणि बाईचं म्हणशील, तर या दुखण्यात माणूस रात्री ज्या एका दारावर चकरा मारतो, त्याच्या आत कुठलीच बाई बसू शकत नाही. जागाच नसते.

एल्स्पा : तू मला हे का सांगतोयस?

हानुस : तू गावात सगळ्यांत भरवशाची आहेस. दुपारपर्यंत सगळीकडे पोचवशील.

एल्स्पा : मी! हे मी कोणाला सांगू? तुझ्यावर गाणं रचतील लोक.

हानुस : त्यांना कशाला त्रास? मीच रचलंय. शनिवारी मोठ्या गाण्याआधी हेच म्हणणार. ऐक :

हानुस गेला डोंगरावरती मेंढ्या मोजायला,
मोजणी राहिली निम्म्यावर, अन् लागला धावायला!

पुढची नऊ कडवी याहून वाईट आहेत. मी मध्येच पळालो, तर रिंगणाने हसून घ्यावं आणि मी परत येईपर्यंत जागच्या जागी पाय हलवावेत.

एल्स्पा : आणि तुझ्या बापाचं ते... ते जुनं गाणं?

हानुस : ते मी परत म्हणणार नाही. कोणी सुरू केलं, तर मी हात सोडीन, आणि का सोडला तेही सांगेन, तेविसाव्या कडव्यासकट.

एल्स्पा : माझे सासरे ते गाणं लागलं की घरात जाऊन दार लावून घ्यायचे. मरेपर्यंत. साकारिस पोरवयात होता तेव्हापासूनच, तोच सांगायचा. तो दाराबाहेर बसायचा, कानावर हात ठेवून. मला वाटायचं, गाण्याची लाज वाटते.

हानुस : गाण्याचीच.

गुन्वा : काकू, पाणी देऊ?

एल्स्पा : नको. या साध्या गोळ्या दिवसातून कितीदा द्यायच्या?

गुन्वा : त्याआधी त्यांच्याशी बोलायला मिळालं तर बरं. सहा वाजता मी एकटी असते. मागच्या दाराने या, किंवा पुढच्या. दोघं या, किंवा त्यांना एकट्याला पाठवा.

एल्स्पा : हानुस, सिग्गाला कधी सांगितलंस तू?

हानुस : मी नाही सांगितलं. तिला आपोआप कळलं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात.

एल्स्पा : मग काय म्हणाली?

हानुस : काही नाही. तेव्हापासून जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवते.

एल्स्पा : आमच्याकडचा मी बंद करते. निजायच्या आधी. रोज.